उधाणाच्या दिवशीचं स्कोअरकार्ड

"सर, बाबांच्या चपला मिळाल्यात. खाडीच्या कडेला. फक्त चपला."

शनिवारी सकाळी पावणेआठला हा फोन आला तेव्हा श्रीपाद वझे दुसऱ्या चहाची वाट बघत होते. तो चहा तसाच राहिला.

वझे मास्तरांनी डोंबिवलीच्या एका शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि तितकीच वर्षं दर रविवारी मैदानाच्या कडेला टेबल टाकून क्रिकेटचे स्कोअर लिहिले. फलंदाज चिडले, पंच ओरडले, कॅप्टनांनी लाडीगोडी लावली, पण मास्तरांच्या वहीत एक धाव कधी इकडची तिकडे झाली नाही. दक्षता नाखवा त्यांची विद्यार्थिनी. आठवीत असताना ती त्यांच्या शेजारी बसून पेन्सिलला टोक करून द्यायची. आता ती वीस वर्षांची होती आणि फोनवर तिला नीट बोलता येत नव्हतं.

मास्तर रिक्षाने निघाले. डोंबिवली पश्चिमेला, मोठागावच्या पुढे, खाडीकाठच्या भरावावर नऊ होलांचा, म्हणजे चेंडू घालायच्या नऊ खळग्यांचा, एक गोल्फ क्लब आहे. डोंबिवलीतल्या निम्म्या लोकांना हे माहीत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना खरं वाटत नाही. दक्षताचे वडील भिवाजी नाखवा तिथे अठरा वर्षं कॅडी होते. जातीचे कोळी, पण खाडीत मासळी उरली नाही तेव्हा त्यांनी होडी विकली आणि दुसऱ्यांच्या गोल्फच्या पिशव्या खांद्यावर घेतल्या. लेक त्यांच्यामागे फिरता फिरता खेळायला शिकली, आणि क्लबातल्या कुठल्याही बाईपेक्षा, बऱ्याच बाप्यांपेक्षाही, चांगली खेळायला लागली.

किनाऱ्यावर अग्निशमन दलाची माणसं गळ टाकून पाणी चाळत होती. दक्षता चिखलात उभी होती. तिने मास्तरांना बघितलं आणि तिचा बांध फुटला.

"सर, काल मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्यांना हाकललं. घरी आले ते जेवलेसुद्धा नाहीत. पहाटे मी उठले तर नव्हते. फोन घरीच ठेवलेला."

"मीटिंग कसली? नीट सांग. अगदी पहिल्यापासून."

तिने सांगितलं. क्लबात 'स्कोअरसाथी' नावाचं सॉफ्टवेअर होतं. प्रत्येक खेळाडूचे फटके त्यात भरायचे, त्यावरून सॉफ्टवेअर त्याचा हँडिकॅप काढतं.

"म्हणजे काय?"

"ज्याचा खेळ कच्चा, त्याला हँडिकॅप जास्त, सर. स्पर्धेत तेवढे फटके त्याच्या स्कोअरमधून वजा होतात. ज्याचा खेळ चांगला, त्याचा हँडिकॅप कमी."

दक्षता क्लबाच्या ऑफिसात अर्धवेळ काम करायची. पेटीतून काढून दिलेली कागदी कार्डं ती सॉफ्टवेअरशी ताडून बघायची, आणि ज्यांना फोनवर भरता येत नाही त्यांचे आकडे भरायची. राज्य संघटनेच्या निवासी प्रशिक्षणासाठी क्लबाला एक जागा मिळाली होती. दोन वर्षं राहणं, खाणं, शिकणं, सगळं मोफत. सगळ्यात कमी हँडिकॅप असलेल्या मुलीला ती मिळणार होती. ती दक्षता होती. आणि काल तपासणीत निघालं की ऑगस्टच्या चार रविवारी तिच्या नावावर सॉफ्टवेअरमध्ये सदतीस, अडतीस, छत्तीस आणि एकोणचाळीस फटके आहेत, पण कागदी कार्डांवर बेचाळीस, त्रेचाळीस, एक्केचाळीस आणि चव्वेचाळीस.

"म्हणजे तू ऑफिसात बसून स्वतःचे फटके कमी केलेस, असं त्यांचं म्हणणं."

"हो. आज चार वाजता कमिटी ठराव करणार. पाच वाजता यादी जाणार. माझं नाव खोटारडी म्हणून संघटनेला कळवणार, सर. परत कुठल्याही मैदानावर पाय ठेवता येणार नाही." तिने डोळे पुसले. "गेली ती जागा तर जाऊ दे. मला बाबा पाहिजेत."

मास्तर चपलांपाशी गेले. एका उंच खडकावर त्या जोडीने ठेवल्या होत्या आणि वर मूठभर आकाराचा दगड होता. हवालदार त्या उचलणार होता.

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "दक्षता, भरतीचं पाणी या खडकावर कुठवर येतं?"

तिने दोन हात खाली असलेली काळी रेघ दाखवली.

"ज्याला जीव द्यायचा आहे तो चपला पाण्याच्या वर ठेवून, कुत्र्याने नेऊ नये म्हणून दगड ठेवतो का गं? या माणसाला परत येऊन त्या घालायच्या आहेत. इथली कुणाची होडी गेली आहे का?"

दक्षताने काठावर नजर फिरवली. "काळुराम काकांची दिसत नाहीये."

"पाणी ओसरायला कधी लागलं?"

"सहाला."

"म्हणजे ओहोटीबरोबर, ठाण्याच्या बाजूला. तिकडे तुमचं कोण?"

"जनाआत्या. चेंदणी कोळीवाड्यात. पण तिचा फोन लागत नाही, सर. आणि बाबा मला न सांगता कशाला जातील?"

चिखलातून होडीत चढताना चपला काठावर ठेवतात हे खरं, पण रात्रभर न जेवलेल्या माणसाचं मन कुणी सांगावं? गळ पुन्हा पाण्यात पडला तेव्हा मास्तरांनी तिकडे पाठ केली.

"अर्धा तास दे मला. क्लबात जाऊन येतो. ते कशासाठी गेले हे कळलं तर कुठे गेले ते कळेल."

क्लबाचे कॅप्टन त्र्यंबक प्रधान दारातच भेटले. भारदस्त माणूस. तरुणपणी क्रिकेट खेळायचे.

"वझे मास्तर! तुम्ही इथे? माझं शतक तुम्हीच लिहिलेलं, आठवतं?"

"चौऱ्याण्णव," मास्तर म्हणाले. "शतक नव्हतं."

प्रधान खजील होऊन हसले आणि त्यांनी कार्डं बघायची परवानगी दिली. "पण मास्तर, कागद तो कागद. सॉफ्टवेअरमध्ये कोणीही काहीही भरेल."

"या जागेसाठी दुसऱ्या नंबरवर कोण आहे?"

प्रधानांचं हसू गेलं. "माझी ऐश्वर्या. म्हणूनच मी या प्रकरणात बोलत नाही. सगळं सुश्रुत बघतोय."

सुश्रुत देवस्थळी क्लबाचा हँडिकॅप सेक्रेटरी. चाळिशीचा, गोड बोलणारा. त्याने मास्तरांना खुर्ची दिली, पाणी दिलं, स्वतः चारही कार्डं काढून समोर ठेवली.

"फार वाईट वाटतं, सर. मुलगी गुणी आहे. मीच तिला ऑफिसात घेतलं."

"ही कार्डं कोण लिहितं?"

"जोडीदार. गोल्फमध्ये आपला स्कोअर आपण लिहीत नाही. दक्षताचा ऐश्वर्या लिहिते, ऐश्वर्याचा दक्षता. मग दोघींच्या सह्या. कार्ड पेटीत."

"पेटीची किल्ली?"

"एक कॅप्टनकडे, एक माझ्याकडे."

"फटक्यांची आणखी कुठे नोंद असते?"

"कुठेच नाही." सुश्रुत हसला. "तो भिवाजी दोरीला गाठी मारत बसतो, प्रत्येक फटक्याला एक. त्याला नोंद म्हणायची तर म्हणा."

मास्तर कार्डांवर वाकले. आकडे पेन्सिलीने होते, सह्या शाईपेनाने. चौतीस वर्षं हाच उद्योग केलेल्या माणसाचे डोळे आधी आकड्यांकडे जात नाहीत, पेन्सिलीकडे जातात. तीन ऑगस्टच्या कार्डावर पहिला आकडा बारीक, टोकदार होता. नवव्यापर्यंत पेन्सिल थोडी झिजली होती. दहा ऑगस्टचं कार्ड त्या झिजलेल्या टोकापासूनच सुरू होत होतं. सतराचं आणखी जाड. चोवीसचा शेवटचा आकडा तर इतका बोथट की तीन आहे की आठ ते कळेना.

"ऐश्वर्याची त्याच रविवारची कार्डं दाखवता का?"

ती पेटीतून निघाली. घडी पडलेली, कोपरे मऊ झालेली, आणि दोन्ही सह्यांची शाई पाण्याने फुटून निळा डाग झालेली. दक्षताची चार कार्डं मात्र सरळ होती. घडी नाही, डाग नाही.

मास्तर बाहेर आले. ऐश्वर्या व्हरांड्यात बसली होती. दक्षताच्याच वयाची. नखं कुरतडत होती.

"ऑगस्टमध्ये तू दक्षताबरोबर खेळलीस?"

"हो. चारही संडे."

"पाऊस होता?"

"भयंकर. कार्ड अक्षरशः ओली व्हायची. खिशात घडी करून ठेवायचो."

"तिचे किती फटके झाले होते?"

ती खाली बघायला लागली. "मला आठवत नाही. कार्डवर असेल तेच असेल ना."

"चार रविवार ती तुझ्यासमोर खेळली. बरी खेळली की वाईट, तेवढं तरी?"

"काका, प्लीज. मला नका विचारू."

मास्तर उठले आणि मैदानामागच्या कॅडींच्या शेडकडे गेले. आत भिंतीवर खिळ्यांची एक लांब रांग होती. प्रत्येक खिळ्याखाली वर्षानुवर्षं काहीतरी लटकल्याची फिकट रेघ उमटली होती. आता खिळे रिकामे होते.

मास्तर परत किनाऱ्यावर आले.

"तुझ्या बाबांच्या दोऱ्या शेडमध्ये टांगलेल्या असत ना? कुठे गेल्या?"

"शेड साफ करायला सांगितलेलं ना, गणपतीच्या आधी. कचरा नको म्हणाले. बाबांनी सगळ्या पिशवीत भरून आत्याला दिल्या. तिला जाळ्याच्या काठाला दोरी लागते, आणि गाठी असल्या की जाळं सरकत नाही. आमच्यात चांगली दोरी कोण फेकत नाय, सर."

"कोणी सांगितलं साफ करायला?"

"बाबा नुसतं साहेब म्हणाले. तिथे सगळेच साहेब."

"त्याच सुमारास ऑफिसात काही वेगळं घडलं होतं का?"

तिने आठवून बघितलं. "त्याच्या आदल्या दिवशी मी सुश्रुत सरांना सांगितलेलं, की एका मेंबरचा कागद आणि सॉफ्टवेअर जुळत नाही. सर म्हणाले, मी बघतो, नाव कुठे बोलू नकोस. मेंबरची गोष्ट बाहेर जाता कामा नये."

"आता एकच सांग. कार्डावर सह्या तुम्ही कधी करता? खेळल्यावर?"

दक्षताने पायाने चिखल उकरला. मग हळूच म्हणाली, "पावसाळ्यात आधीच करतो. ओल्या कार्डावर पेन चालत नाही म्हणून जूनमध्येच आम्ही दोघींनी वीस-वीस कोऱ्या कार्डांवर सह्या करून ऑफिसात दिलेल्या. दर रविवारी तिथून एकेक घ्यायचं. माझी अकरा वापरून झाली. सगळेच असं करतात, सर. चुकलं का?"

"फार चुकलं," मास्तर म्हणाले. "पण तेच तुला वाचवेल असं दिसतंय. चल चेंदणीला. तुझे बाबा त्या दोऱ्या आणायला गेलेत."

ते बोलले खरं, पण हवालदाराला जबाब देऊन चेंदणीच्या बंदरावर पोहोचले तेव्हा एक वाजून गेला होता, आणि जनाबाईच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, जनाबाई पहाटेच जाळं घेऊन खाडीत गेली. भिवाजी? हो, आलेला. अनवाणी. बहीण गेली म्हणताच तसाच माघारी फिरला, बंदराकडे.

दक्षता धावली. धक्क्याच्या पायऱ्यांवर, अगदी पाण्यालगत, एक माणूस गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"बाबा!"

भिवाजींनी मान वर केली. लेकीला बघून त्यांना रडू आलं आणि लेकीला त्यांच्यावर राग आला, इतका की ती त्यांच्या खांद्यावर बुक्क्या मारायला लागली.

"सांगून जाता येत नाय? गळ टाकून शोधतायत तुम्हाला तिथे!"

"तू निजलेलीस पोरी. वाटला, दुपारच्या आत दोऱ्या घेऊन येईन." त्यांनी मास्तरांकडे बघितलं. "मास्तर, मना लिवता येत नाय. पर गाठ मारता येतं. माजी गाठ खोटी नाय. काल त्यांना तेच सांगत होतो, तर हसले."

"काळुरामची होडी कुठे?"

"मना सोडून परत गेला तो. न् जना कुठं जालं टाकत असंल, काय म्हाईत. दोरी तुटली, वाहून गेली, तर माज्या पोरीला कोण वाचवील?"

दोन वाजले. अडीच वाजले. पाणी चढायला लागलं. तिघं धक्क्यावर उभे राहून प्रत्येक होडीकडे बघत होते. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ बघायची भीती वाटली. पावणेतीनला कळव्याच्या पुलाखालून एक होडी आली. वल्ह्यावर साठीची एक बाई होती आणि तिच्या पायाशी चिखलाने माखलेल्या जाळ्याचा ढीग.

"जने!" भिवाजी ओरडले. "माज्या दोऱ्या?"

"ह्या काय, काठाला लावल्यात. धा-पंधरा दिस झालं." जनाबाईने भावाचे पाय बघितले. "रे, चपला कुठंत तुज्या?"

चार वाजून दहा मिनिटांनी कमिटीच्या खोलीचं दार उघडलं आणि आधी वास आत आला. मग जनाबाई, भिवाजी, दक्षता, आणि सगळ्यात शेवटी जाळ्याचं टोक धरून वझे मास्तर. पॉलिश केलेल्या टेबलावर त्यांनी ते ओलं जाळं टाकलं.

"हे काय आहे?" प्रधान उठलेच.

"स्कोअरबुक," मास्तर म्हणाले. "दहा मिनिटं द्या. ठराव मग करा."

सुश्रुतने समजूतदारपणे मान हलवली. "सर, आपल्या भावना कळतात. पण दोरीला गाठी काल रात्री बसूनही मारता येतात."

"बरं झालं तुम्हीच बोललात. जनाबाई, ही दोरी जाळ्याला कधी लावली?"

"गवरी गेल्या न् दुसऱ्या दिशी. तवापासून रोज खाडीत जातंय. बगा की, गाठींत खवलं अडकल्यात."

खवले होतेच. वाळलेले, गाठींच्या आत घट्ट बसलेले. दक्षतावर आरोप झाला तो काल, आणि गौरी जाऊन दोन आठवडे झाले होते.

"भिवाजी, यातली नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारची कुठली?"

भिवाजींची बोटं काठावरून सरकत गेली आणि थांबली. "ही. प्रत्येक होलानंतर मी फास ठेवतो. न् दोरीच्या टोकाला पौर्णिमेची म्हणून येक मोठी गाठ."

मास्तरांनी मोठ्याने मोजलं. पाच, तीन, पाच, चार, चार, पाच, तीन, पाच, चार. "एकूण अडतीस. दहा ऑगस्टला सॉफ्टवेअरही अडतीसच सांगतं. कागद त्रेचाळीस."

प्रधानांनी लॅपटॉप पुढे ओढला. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली. "बेरीज जुळते मास्तर, पण होल जुळत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या होलला चार आहेत, दोरीवर पाच. दुसऱ्याला पाच, दोरीवर तीन. ही त्या दिवसाची नाही."

दक्षताने वडिलांचा हात घट्ट धरला. मास्तरांनी गाठी पुन्हा एकदा चाचपल्या. इथवर येऊन हे असं व्हावं?

"सायेब," भिवाजी म्हणाले, "त्या दिवशी उधाण होता. उधाणाला आमी पयल्या होलापासून चालू करत नाय. सहा, सात, आठ खाडीच्या कडंला. पाणी चढायच्या आत ते उरकायचं. म्हणून सहापासून चालू केला. सहा, सात, आठ, नऊ, न् मग एक."

प्रधानांनी पुन्हा बघितलं. सहाला पाच. सातला तीन. आठला पाच. नऊला चार. मग पहिल्याला चार, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला तीन, चौथ्याला पाच, पाचव्याला चार. नऊच्या नऊ.

उरलेल्या तीन रविवारांच्या दोऱ्या भिवाजींनी दाखवल्या, त्या प्रधानांनी स्वतः मोजल्या. सदतीस. छत्तीस. एकोणचाळीस. "सॉफ्टवेअर बरोबर आहे," ते पुटपुटले. "मग कागद?"

"कागद खोटा. मीसुद्धा आयुष्यभर कागदावर विश्वास ठेवणारा माणूस आहे, म्हणून मला कबूल करायला जड जातंय. ही चार कार्डं चार रविवारी लिहिलेली नाहीत, एका बैठकीत लिहिली आहेत. पेन्सिलीचं टोक पहिल्या कार्डापासून चौथ्यापर्यंत सलग झिजत गेलंय. आणि ऐश्वर्याच्या कार्डांवरच्या सह्या पावसाने फुटल्या आहेत. त्याच पावसात, तिच्या शेजारी उभ्या असलेल्या दक्षताचं कार्ड कोरडं कसं राहिलं?"

"पण सह्या तर दोघींच्याच आहेत."

"आहेतच. जूनमध्ये करून ठेवलेल्या. कोऱ्या कार्डांवर. तुमच्या क्लबाची सवय आहे ती. दक्षताने वीस कार्डं सही करून दिली, अकरा खेळली. नऊ उरायला हवीत. ती कोणाच्या खणात असतात?"

सगळ्यांनी सुश्रुतकडे बघितलं.

"खण उघडा," प्रधान म्हणाले.

"कॅप्टन, हे जरा अति होतंय..."

"उघड, सुश्रुत."

खणात दक्षताच्या सहीची पाच कोरी कार्डं निघाली.

"चार गेली, आणि ती चार या टेबलावर आहेत," मास्तर म्हणाले. "खरी चार पेटीतून काढून ही घातली. पेटीच्या किल्ल्या दोघांकडे. कॅप्टन, मला आधी तुमचाच संशय आला, लपवत नाही. मुलगी दुसऱ्या नंबरवर आहे. पण शेड साफ करून दोऱ्या फेकायला तुम्ही सांगितलं होतंत का?"

"मी? कालपर्यंत मला त्या दोऱ्या माहीतही नव्हत्या."

"भिवाजी, कोणत्या साहेबांनी सांगितलं?"

भिवाजींनी नुसतं बोट दाखवलं. सुश्रुतच्या दिशेने.

"पण त्याला काय मिळणार?" प्रधानांना अजून पटत नव्हतं. "त्याची मुलगी नाही, भाची नाही. त्या जागेशी त्याचा संबंध काय?"

"जागेशी काहीच नाही. तिथेच आपण सगळे फसलो. दक्षता, ज्या मेंबरचा कागद जुळत नव्हता त्याचं नाव आता सांग. हे बाहेर जाणं नव्हे, कमिटीसमोरच आहे."

दक्षताने वडिलांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

"सुश्रुत सरांचंच," ती म्हणाली. "कागदावर एक्केचाळीस होते. सॉफ्टवेअरमध्ये सत्तेचाळीस. मला वाटलं, टाइप करताना चुकलं असेल."

"एकदा नाही, जुनी कार्डं काढून बघा, वर्षभर चुकलं असेल," मास्तर म्हणाले. "चांगला खेळाडू दिसायचं असेल तर फटके कमी लिहावे लागतात. पण स्पर्धा जिंकायची असेल तर जास्त लिहायचे. हँडिकॅप वाढतो, तेवढे फटके वजा होतात. क्लबाचा वर्षा चषक गेली दोन वर्षं कोणी जिंकला?"

मागच्या कपाटातल्या चषकावर सुश्रुतचंच नाव दोनदा कोरलेलं होतं. कोणाला सांगावं लागलं नाही.

"स्वतःचं कार्ड नाहीसं करून भागणार नव्हतं, कारण या मुलीने ते बघितलं होतं. तेव्हा हिचा शब्दच खोटा पाडायचा. ही आकडे फिरवते असं एकदा ठरलं की जिथे जिथे कागद आणि सॉफ्टवेअर जुळत नाही, तिथे तिथे हिचंच नाव. तुमची चूकसुद्धा हिच्याच खात्यावर गेली असती, देवस्थळी. आणि दोऱ्या? सकाळी त्यांना हसलात तुम्ही. पण हसण्याआधी तीन आठवडे तुम्ही त्या फेकायला लावल्या होत्या. भिवाजींना लिहिता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं. कोळी दोरी फेकत नाही, हे नव्हतं."

सुश्रुतचा गोड आवाज गेला होता. "पुढच्या महिन्यात मी कॅप्टन होणार होतो," तो म्हणाला. "एका चषकासाठी... मला वाटलं, हिला काय, दुसरं काहीतरी काम मिळेल."

"माजी पोर," भिवाजी म्हणाले, आणि लेकीच्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

दाराशी ऐश्वर्या केव्हा येऊन उभी राहिली ते कोणी पाहिलं नव्हतं. ती रडत होती. "पप्पा, मला माहीत होतं. ती कधीच चाळीसच्या वर गेली नाही. मी कार्डं लिहिली होती. मला आठवत होतं." दक्षताने तिच्याकडे बघितलं नाही. बघावंसं वाटलंच नाही तिला.

पाचला चार मिनिटं कमी असताना यादी गेली. एकच नाव होतं. प्रधानांनी ती स्वतः पाठवली आणि मग भिवाजींसमोर हात जोडले. "काल जे झालं ते फार वाईट झालं, भिवाजी. ही दोरी मात्र क्लबाकडे राहू दे. संघटनेला पुरावा लागेल."

"फोटो काढा की, सायेब," जनाबाई जाळं गोळा करत म्हणाली. "उद्या पहाटंच निगायचंय. मना जालं लागंल."

सगळे बाहेर पडले तेव्हा दक्षता बरोबर नव्हती. ती एकटी खाडीवर गेली होती. अग्निशमन दलाची माणसं केव्हाच निघून गेली होती. भरतीचं पाणी पुरतं चढून खडकाला लागलं होतं आणि काळ्या रेघेशी थांबलं होतं. चपला कोरड्या होत्या. वरचा दगडही तसाच होता.

तिने त्या आणल्या आणि वाकून वडिलांच्या पायांपुढे ठेवल्या. दिवसभर अनवाणी राहून त्यांच्या टाचा फुटून रक्त आलं होतं. ते बघून ती तिथेच खाली बसली आणि सकाळपासून अडवून धरलेलं सगळं रडू तिने रडून घेतलं. भिवाजी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

"उद्या रविवार हाय, पोरी," थोड्या वेळाने ते म्हणाले. "जनाकडून दोरी घेतली मी. नवी."